इन्क्युबेटरच्या काचेला घाम सुटला: माझा अनुभव

आष्ट्यात माझं मोबाईल रिपेरीचं बारकं दुकान आहे, म्हणजे सोल्डरिंग रोजचंच, आणि घरी आज्जीच्या आठ-दहा गावठी कोंबड्या. मागच्या थंडीत त्यातली एकपण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसेना आणि अंडी तर रोज चार-पाच. मी म्हटलं थांब आज्जी, मशीनच करतो. आज्जी म्हणाली, कर की, पण लाईट गेल्यावर तू बसणार हाईस व्हय अंड्यावर?

लस येते तो थर्माकोलचा बॉक्स मेडिकलमधनं फुकट मिळाला. थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणारी, ती डब्ल्यू १२०९ नावाची छोटी सर्किटची पाटी, १२ व्होल्टवर चालणारी, सांगलीतनं आणली. जुन्या कॉम्प्युटरचा फॅन दुकानातच पडून होता. खरा वैताग बल्बचा झाला, कारण आता दुकानदार सगळा एलईडी देतो आणि त्यानं ऊब येत नाही, पिवळे ४० वॅटचे दोन मिळेपर्यंत अर्धं आष्टा फिरलो. दोन अशासाठी की एक उडाला तर दुसरा चालू राहावा. झाकणाला चौकोन कापून फोटोफ्रेमची काच बसवली आणि सर्किट पण त्याच झाकणाला आतनं चिकटवलं, म्हटलं सगळं एका नजरेत दिसंल. आता लिहिताना हसू येतंय.

२४ अंडी ठेवली, ३७.५ सेट केलं, वाटीत पाणी. तीन दिवस झकास. चौथ्या दिवशी पहाटे उठलो, बाहेर उसाच्या फडावर धुकं, खोलीत १५ डिग्री असंल, आणि काच आतनं एवढी घामेजलेली की अंडीच दिसंनात. डिस्प्ले मात्र ३७.८ दाखवतोय, बल्ब बंद. मी निवांत. आज्जीनं झाकण उचललं (मी नको नको म्हणतोय), एक अंडं घेतलं, डोळ्याच्या पापणीला लावलं आणि म्हणाली, गार हाय. मी म्हटलं आज्जी, मशीन सांगतंय ना ३७.८. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून तापाचा थर्मामीटर आत ठेवला. ३४.१!

मग दुकानात न जाता तिथंच बसलो. सेन्सरची वायर तोकडी पडली होती म्हणून मी मध्ये जोड दिला होता, वर नुसती काळी टेप. काचेवरचं पाणी ओघळून वायरीवरनं बरोबर त्या जोडावर येत होतं. आता हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, २५ डिग्रीला १० किलोओहम, आणि जसं गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. जोडात पाणी शिरलं की पाण्यातनं थोडा करंट पळतो, रेझिस्टन्स कमी भासतो, सर्किटला वाटतं लई गरम झालं आणि ते बल्ब बंद करतं. म्हणजे ओल जेवढी जास्त तेवढी अंडी गार, आणि डिस्प्लेवर सगळं एकदम छान. लगा, मी लोकांच्या पाण्यात पडलेल्या मोबाईलचे हेच फॉल्ट रोज काढतो आणि घरच्या मशीनला काय केलं तर टेप!

त्यात मी अजून एक शहाणपणा केलेला, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हवेची भोकं चिकटपट्टीनं बंद केलेली. पिल्लाला हवा लागतेच, ते एक, आणि कोंदलेली ओल जाणार कुठं. गणित सोपं आहे तसं. ३७.५ डिग्रीला ५५ टक्के आर्द्रता असली की साधारण २७ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दहिवर धरतं, आणि ७० टक्के केली की ३१ च्या खालच्या. थर्माकोलला घाम येत नव्हता कारण तो आतनं गरमच राहतो, घाम फक्त काचेला आणि झाकणाच्या स्क्रूंना. म्हणजे पाणी कमी करणं हा इलाज नव्हता, काच गरम ठेवणं हा होता.

पण हे मला उशिरा कळलं. त्या दिवशी घाबरून मी पाण्याची वाटीच काढून टाकली. काच लख्ख झाली, मी खूश. २१ व्या दिवशी पाच पिल्लं निघाली, बाकीच्यातली काही आत टोचा मारून मेलेली, पापुद्रा सुकून अंगाला चिकटलेला. ते बघवत नव्हतं. शेवटचे तीन दिवस ६५-७० टक्के ओल पाहिजे असते, नेमकं तेव्हाच मी कोरडं ठेवलं होतं.

दुसऱ्या खेपेला सर्किट बॉक्सच्या बाहेर काढलं. नवीन सेन्सर आणला, जोड आतनं गोंद असलेल्या हीट श्रिंकमध्ये (गरम केली की आवळून बसणारी नळी) घातला आणि वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब जोडापर्यंत न जाता झोळातनंच खाली पडतो. ओल लागू नये म्हणून पाटीच्या मागं बहिणीचं नेलपॉलिश फासलं (अजून बोलत नाही माझ्याशी). काचेच्या वर बोटभर फट सोडून अॅक्रिलिकचा दुसरा तुकडा सिलिकॉननं बसवला. भोकं उघडली. बल्बचे होल्डर बाजूच्या भिंतीत वर घेतले, कारण तिथं २३० व्होल्ट आहे आणि खाली पाणी, ह्यात गंमत नको. आणि वाटीच्या जागी मिठाईच्या डब्याचं पसरट झाकण, ओल पाण्याच्या खोलीवर नाही तर पसाऱ्यावर ठरते.

ह्यावेळी अंडी वजन करून ठेवली. एक ४८ ग्रॅमचं होतं, ते १८ व्या दिवशी ४२ वर आलं, म्हणजे बारा-तेरा टक्के घट, पाहिजे तेवढीच. त्यानंतर अंडी फिरवणं बंद, झाकणाला हात नाही, आज्जीला पण बंदी. ती तरी येऊन काचेला कान लावायचीच.

२२ मधली १६ निघाली. त्याच आठवड्यात तांबडी खुडूक बसली बघा, एवढे दिवस कुठं होती काय माहीत, आज्जीनं रात्री अंधारात एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवलं. मशीनची काच पहाटे अजून एका कोपऱ्यात जरा धुरकट होते, तिथं सिलिकॉन नीट बसलेलं नाही वाटतं, रविवारी काढून बघतो.