दोन डगरींवरचा पाय काढला: विंडोजकडून लिनक्सवर, पहिले चार महिने

गेम खेळायचं मशीन आधी सांगतो, म्हणजे पुढच्या आकड्यांना अर्थ राहील. रायझन ५ १६००, आरएक्स ५८० चं ८ जीबीचं कार्ड, १६ जीबी रॅम, २४० जीबीचा जुना साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर साधा १०८०पी. हा प्रोसेसर आणि हे कार्ड, दोन्ही एप्रिल २०१७ मध्ये बाजारात आले. मुक्काम भुसावळ, वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली. ही शेवटची गोष्टही हार्डवेअरमध्येच धरा, का ते पुढे येईल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट संपले. विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत. बोर्डावर टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करून पाहिलं, पण प्रोसेसरच यादीबाहेर. एक वर्षाची वाढीव मुदत घेता येत होती, आडवाटेने ११ बसवणारेही आहेत. मला दोन्ही नको होतं. जे कार्ड अजून माझ्या बहुतेक गेमना साठ फ्रेम देतं ते यादीत नाव नाही म्हणून बदलायला मन तयार होईना.

ऑक्टोबर, भाऊबीज

लिनक्स मिंट २२.२ (लिनक्सचा एक प्रकार), सिनॅमन डेस्कटॉप. एसएसडीवर विंडोजच्या शेजारी ६० जीबी जागा काढून बसवलं. एएमडी कार्डवाल्यांना एक सुख आहे: ड्रायव्हर शोधावा लागत नाही. अर्धा कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) असतो, अर्धा मेसा या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोन्ही सिस्टिमबरोबरच येतात. स्क्रीन उजळली तेव्हाच कार्ड तयार होतं. एक्सबॉक्सचा वायरवाला कंट्रोलर खोचला, तोही लगेच ओळखला गेला.

स्टीम (व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं दुकान आणि लाँचर) बसवताना एक काळजी घ्या. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोन रूपांत दिसतं, सिस्टिमचं नेहमीचं पॅकेज आणि फ्लॅटपॅक, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज. गेम दुसऱ्या डिस्कवर असतील तर नेहमीचं पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकला त्या डिस्कची परवानगी वेगळी द्यावी लागते.

नव्यांसाठी थोडक्यात: प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं, वाइनवर उभं केलेलं व्हॉल्व्हचं काम, ऑगस्ट २०१८ पासूनचं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन स्वतः १९९३ पासून चालू आहे. प्रोटॉन विंडोजचा आभास उभा करत नाही, तो दुभाषा आहे. गेम डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) मध्ये जे मागतो ते डीएक्सव्हीके हा प्रोटॉनचा भाग व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत सांगतो, १२ असेल तर ते काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं. व्हल्कन कार्डाला थेट कळतं. म्हणून वेगात फार घट होत नाही.

त्या रात्री युरो ट्रक सिम्युलेटर २ चालवला. त्याची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे, त्यामुळे दुभाषाही लागला नाही. मग पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' प्रोटॉनवर लावला. देवळाचे खांब, दिव्यांचा उजेड, सगळं जसंच्या तसं. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

नोव्हेंबर: डिस्कचं दुखणं

इथे थांबून सविस्तर लिहितो, कारण सोडून परत जाणारे बहुतेक याच टप्प्यावर परत जातात असं माझं मत आहे.

माझा बेत असा होता: १ टीबीची डिस्क एनटीएफएसच (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) ठेवायची, म्हणजे तोच गेम विंडोजमधूनही चालेल आणि मिंटमधूनही. जागा वाचेल, डाउनलोड वाचेल. कागदावर झकास. प्रत्यक्षात द विचर ३ चं हिरवं बटण दाबायचं, ते निळं व्हायचं, पाच-सात सेकंदांनी परत हिरवं. एरर नाही, खिडकी नाही, काही नाही. प्रोटॉनच्या चार आवृत्त्या बदलल्या, जीई-प्रोटॉन ही बाहेरच्यांनी बनवलेली आवृत्तीही लावून पाहिली. कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते लोक जिथे लिहितात त्या प्रोटॉनडीबीवर याच कार्डवाले लोक गेमला प्लॅटिनम दर्जा देऊन बसलेले, आणि माझ्याकडे तो उघडेना.

तिसऱ्या दिवशी फोल्डर उघडून पाहिले. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक छोटं खोटं सी ड्राइव्ह तयार करतो. त्यात एक फोल्डर असतं, आणि त्या फोल्डरमध्ये 'सी' अक्षर आणि त्यापुढे अपूर्णविराम, अशा नावाची एक लिंक. लिनक्सला हे नाव चालतं. विंडोजच्या नियमाने मात्र फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही, आणि माझी डिस्क विंडोजचे नियम पाळायच्या सेटिंगवर जोडलेली होती. लिंक तयार होत नव्हती, गेमला आपला सी ड्राइव्ह सापडत नव्हता, तो गुपचूप बंद व्हायचा. एवढंच. ते रिकामं फोल्डर बघितलं आणि तीन दिवसांचा शीण उतरला.

त्यातच विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर विंडोज 'शट डाउन' म्हणूनही पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं आणि डिस्क अडकवून ठेवतं. मग मिंटमध्ये ती नुसती वाचता येते, लिहिता येत नाही, आणि गेमचा अपडेट अर्ध्यात थांबतो.

यावर उपाय सांगणारे लेख खूप आहेत: ही सेटिंग बदला, ते फोल्डर दुसरीकडे वळवा. मी तेही करून पाहिलं, आठवडाभर चाललं. पण माझं ठाम मत झालंय की गेमची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) करा आणि मोकळे व्हा.

नोव्हेंबर अखेर: घड्याळाचं दुखणं

हे तर आपल्याकडे नेमकं साडेपाच तासांचं असतं. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की रात्रीच्या नऊला दुपारचे साडेतीन वाजलेले दिसायचे. बघून सोडून द्यायचो.

एका शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत मिंटवर विचर खेळलो. मग मित्रांसाठी विंडोजमध्ये आलो, ते यायला वेळ होता म्हणून तोच गेम नऊ ते अकरा पुढे नेला. सेव्ह केला आणि लाइट गेली. सेव्ह क्लाउडवर चढायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी स्टीमने विचारलं, कोणती फाइल ठेवू? कॉम्प्युटरवरची संध्याकाळी साडेपाचची, क्लाउडवरची आठची. मी आठची ठेवली. साडेपाचची फाइल म्हणजेच रात्री अकराची, हे लक्षात यायच्या आत दोन तासांचा खेळ पुसला गेला होता.

उपाय एका ओळीचा आहे. मिंटलाच सांगायचं की बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेचं धर. टाइमडेटसीटीएल नावाची आज्ञा त्यासाठीच आहे. दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी करून घ्या, सेव्ह जायची वाट पाहू नका.

या दोन प्रकारांनंतर वहीत लिहून ठेवलं होतं: आतापर्यंतचा एकही त्रास लिनक्समुळे नाही आणि विंडोजमुळेही नाही, दोन डगरींवर पाय ठेवल्यामुळे आहे.

डिसेंबर: एका डगरीवर

जळगावहून ५०० जीबीचा नवा एसएसडी आणला. घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले, दोनदा उघडून तपासले, मग मिंट नव्या एसएसडीवर नव्याने टाकलं आणि १ टीबीची डिस्क ईएक्सटी४ केली. विंडोजच्या जुन्या एसएसडीची साटा वायर काढून ठेवली. पुसला नाही, फक्त वायर काढली.

गेम परत डाउनलोड करायची गरज नव्हती. फोटोंबरोबर गेमची फोल्डरं उतरवून ठेवली होती, ती स्टीमच्या 'कॉमन' फोल्डरमध्ये टाकून इन्स्टॉल दाबलं की स्टीम असलेल्या फाइल तपासतं आणि उरलेलंच ओढतं. शंभर-शंभर जीबीचे गेम असताना हे फार मोलाचं आहे.

विचर पहिल्या झटक्यात उघडला. पहिला पाऊण तास अधूनमधून अडखळला, शेडर (कार्डाला चित्र काढायला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते. नंतर डीएक्स ११ वर, हाय सेटिंगला, फ्रेम दाखवणाऱ्या मँगोहडच्या पट्टीवर ६० ते ६६. विंडोजवर माझ्या वहीत ६२ ते ६८ लिहिलेलं आहे. डोळ्यांना फरक कळत नाही. एपिक आणि जीओजी या दुकानांचे गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून लावले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, चालतात.

लाइटचा एक प्रसंग मात्र लिहितो. कर्नलचा अपडेट चालू असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टरने त्या दिवशी साथ दिली नाही. लाइट आल्यावर काळी स्क्रीन. पोटात गोळा आला. ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडलं, खाली आधीचं कर्नल होतंच. ते निवडलं, सिस्टिम उठली, अर्धा राहिलेला अपडेट पूर्ण केला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्या दिवसापासून टाइमशिफ्ट नावाचं साधन सिस्टिमचा रोजचा स्नॅपशॉट (परत आणता येणारी प्रत) घेतं आणि अपडेट मी इन्व्हर्टरचं चार्जिंग बघून करतो.

जानेवारी: शनिवारची गँग

याचा उपाय माझ्याकडे नाही.

आम्ही पाच जण. दोन भुसावळचे, एक रावेरचा केळीवाला, एक धुळ्याचा, एक अमळनेरचा. दर शनिवारी रात्री दहाला एकच शूटर, गेली तीन वर्षं. तो लिनक्सवर चालत नाही आणि प्रोटॉनची कुठलीच आवृत्ती त्याला चालवू शकणार नाही. काही अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये स्वतःचा ड्रायव्हर बसवतात. प्रोटॉन त्या थराच्या वर काम करतो आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर बसत नाही. व्हॅलोरंट या गेमचं तेच आहे.

दुसरा प्रकार इझी अँटी-चीट आणि बॅटलआयचा. २०२१ पासून दोन्हींनी प्रोटॉनची सोय केलेली आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. म्हणून इझी अँटी-चीट असूनही एल्डन रिंग ऑनलाइन चालतो आणि फोर्टनाइट चालत नाही. गेम घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी बघताच, त्याबरोबर 'आर वुई अँटी-चीट येट' ची यादीही बघा. प्रोटॉनडीबीवरचं गोल्ड बऱ्याचदा एकट्याने खेळणाऱ्याचं असतं.

पहिले दोन शनिवार मी वायर परत जोडून विंडोज उघडलं. तिसऱ्या शनिवारी जोडली नाही, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकत बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. अमळनेरवाल्याने विचारलंच, "काय भाऊ, येस का नई?" मी त्याला अँटी-चीट समजावायला लागलो तर म्हणाला, "माले ते कर्नल-फिर्नल नको सांगू. कोनता गेम चालस, तितलंच सांग."

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर थेट चालतात. आता असं ठरलंय: दहा ते अकरा त्यांचा शूटर, अकरानंतर सगळे मिळून काउंटर-स्ट्राइक. पहिला तास मी नसतो. तो गेलाच. ज्याचं सगळं खेळणं अशा एकाच गेमभोवती आहे त्याला मी लिनक्स सुचवणार नाही, आणि कोणी सुचवलं तर त्याने ऐकूही नये.

फेब्रुवारी: उन्हाळ्याची तयारी

मागच्या मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत ४१ आणि कार्ड ८४ अंशांवर, पंखा जेट विमानासारखा. यंदा आधीच कामाला लागलोय. लॅक्ट नावाचं साधन बसवलं. त्यात कार्डाची वीज, पंख्याचा वेग, तापमान, सगळं एका खिडकीत येतं. पॉवर लिमिट १४५ वॅटवरून ११५ वर आणली. आत्ताच्या थंडीत विचरमध्ये कार्ड ७२ वरून ६५ वर आलं आणि फ्रेम चार-पाचच कमी झाल्या. मग मँगोहडमधूनच फ्रेमची मर्यादा ५५ वर बांधली. पंख्याचा आवाज आता दबलाय. हे आकडे फेब्रुवारीचे आहेत, वैशाखातले नाहीत, म्हणून त्यावर अजून विश्वास ठेवू नका. स्लॅब तापल्यावर त्याच जागी, त्याच सेव्हवर परत मोजणार आहे.

ज्यांचं कार्ड अगदी नवं आहे त्यांनी मात्र माझं बघून मिंट घेऊ नका. नव्या कार्डांना नवं कर्नल आणि नवं मेसा लवकर लागतं. फेडोरा, बझाइट किंवा कॅशीओएस हे लिनक्सचे प्रकार बघा. माझं हार्डवेअर २०१७ चं आहे, मला मिंटचा संथपणा सोयीचा पडतो.

साटा वायर ड्रॉवरमध्येच आहे. विंडोजचा एसएसडी आता भाच्याच्या मशीनमध्ये जाईल, त्याच्या शाळेच्या कामाला.

येत्या रविवारी रावेरवाल्याच्या शेतात भरीत आहे, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली. अमळनेरवाला येताना लॅपटॉप आणतोय, जीटीएक्स १६५० चा. त्यात एनव्हिडियाचा क्लोज्ड-सोर्स ड्रायव्हर, सिक्युअर बूट आणि दोन ग्राफिक्सची अदलाबदल, म्हणजे माझ्यासाठी सगळं नवं. त्याची हार्ड डिस्कही एनटीएफएस आहे. पेनड्राइव्हवर मिंट लिहून ठेवलंय, आणि फोटो उतरवायला रिकामी डिस्क आण, असं त्याला दोनदा सांगितलंय.