मंगळवारची बैठक आणि बिस्किटांची ताटली

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एका चर्चला लागून एक छोटे सभागृह आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तिथे पंधरा-वीस खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात, मोठ्या किटलीत चहा होतो आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले आम्ही लोक दीड तास एकमेकांशी बोलतो. चहाबरोबर बिस्किटे ठेवायची की नाहीत, यावरून गेल्या वर्षी आमच्यात इतका वाद झाला की दोघे जण पुढचे तीन महिने फिरकलेच नाहीत. ज्यांनी खाण्याशी उभा जन्म झगडा केला त्यांच्यासमोर बिस्किटांची ताटली ठेवणे हा निर्दयपणा आहे, असे काहींचे म्हणणे होते. इतर म्हणत होते की बिस्किटे दुकानात, कार्यालयात, शेजाऱ्यांकडे सगळीकडे असणारच, आणि ती समोर असताना हात आवरण्याचा सराव इथे नाही करायचा तर कुठे करायचा? मी त्या दिवशी ताटली उचला म्हणणाऱ्यांत होते, आणि बरीच तावातावाने बोलले होते.

हे लिहायला निमित्त झाले माझ्या सांगलीच्या आत्तेबहिणीच्या फोनचे. तिला डॉक्टरांनी हीच शस्त्रक्रिया सुचवली आहे. ‘ताई, तुझा तो गट असतो ना, त्याचा खरंच उपयोग होतो की नुसत्या गप्पा?’ असे तिने विचारले, आणि मला फोनवर धड उत्तर देता आले नाही.

माझी शस्त्रक्रिया २०२२ च्या मार्चमध्ये झाली. बायपास म्हटले की आपल्याकडे हृदयच आठवते. आईनेही फोनवर तेच ऐकले आणि ती रडू लागली. पोटाच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचे जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. मला मधुमेह होता आणि छातीत जळजळही होती. स्लीव्हने जळजळ वाढू शकते, म्हणून शल्यविशारदांनी बायपास सुचवला. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या पुढे असेल, किंवा ३५ च्या पुढे असून मधुमेहासारखा आजार असेल, तर या शस्त्रक्रियेचा विचार होतो. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी हे आकडे अडीचने खाली धरतात, कारण आपल्याला कमी वजनावरच मधुमेह गाठतो.

शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञ बाईंनी एक पुस्तिका दिली होती. वीस पेन्सच्या नाण्याएवढा घास घ्या, वीस वेळा चावा, चमचा खाली ठेवून वीस सेकंद थांबा आणि वीस मिनिटांत जेवण संपवा, असे तीत लिहिले होते. नियम उत्तम होते, मी ते आजही पाळते. पण पदार्थ होते कुस्करलेला बटाटा, पांढरा मासा आणि खिम्याचा ‘पाय’ नावाचा भाजलेला इंग्रजी पदार्थ. वरणाचा कुठे पत्ता नव्हता. ती उणीव आमच्या गटातल्या मासींनी भरून काढली. मासी गुजराती, जन्म कंपालाचा, १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकलले गेल्यावर लहानपणी इथे आलेल्या. या देशात सत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, मला मात्र ते जमेना, म्हणून मी त्यांना मासीच म्हणू लागले. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की मुगाची डाळ घट्ट शिजवून चाळणीतून काढ, पाणी जेवणाबरोबर पिऊ नकोस, अर्ध्या तासाने पी. ताजी पोळी घशाखाली गोळा होऊन अडकते आणि भात पोटात जड होतो, म्हणून पहिले काही महिने दोन्हींपासून लांब राहा. आणि चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले की घाबरू नकोस, ते परत येतात. चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका पाहिला तेव्हा मला मासींचे वाक्य आठवले आणि मी शांतपणे तो उचलून टाकला.

त्यांच्या पर्समध्ये स्टीलची एक लहान वाटी असते. लग्नकार्याला, सत्यनारायणाला, कुठेही गेल्या तरी त्या ताट न घेता आपली वाटी पुढे करतात आणि वाटीत मावेल तेवढेच घेतात. ताट असले की यजमान वाढतच जातो आणि पानात टाकणे आपल्याला जड जाते, हे शाकाहारी घरात वाढलेल्या बाईलाच कळणार. कोणत्याही डॉक्टरने मला आग्रहाला तोंड कसे द्यायचे हे सांगितले नव्हते, आणि मलाही ते विचारायचे सुचले नव्हते. गेल्या चार वर्षांत माझ्याही पर्समध्ये तशीच वाटी आली आहे.

रुग्णालय शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे आपल्याला बोलावते. मग सगळे आपल्या नेहमीच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, सोपवले जाते. वर्षातून एकदा रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी बी-१२ चे इंजेक्शन, रोजची कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची गोळी, आणि हे सारे जन्मभर. खऱ्या अडचणी तर पुष्कळांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतरच येतात. त्या वेळी ही गोलाकार मांडलेली खुर्चीच तेवढी उरते.

मात्र या खोलीत एकमत क्वचितच होते. वजन रोज करायचे की महिन्याने, हा तर दर बैठकीतला विषय. रांगेला कंटाळून तुर्कस्तानात जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्यांना गटात घ्यावे का, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी घ्यायचे ठरले, आणि ते योग्यच झाले, कारण परतल्यावर त्यांची विचारपूस करणारे सर्वांत कमी असतात.

डंपिंगवरचा मतभेद मला अधिक जवळचा वाटतो. बायपासनंतर गोड पदार्थ लहान आतड्यात एकदम उतरतो आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी असा प्रकार होतो, त्याला डंपिंग म्हणतात. पहिल्या गणेशचतुर्थीला मी एक, फक्त एक, उकडीचा मोदक खाल्ला आणि आरती चालू असताना मला आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर आडवे व्हावे लागले. पुढच्या मंगळवारी हे सांगितले, तेव्हा गटातले एक निवृत्त बसचालक म्हणाले की हे वरदान समज, तो तुझ्या दारावरचा पहारेकरी आहे. शेजारच्या तरुण शिक्षिकेला हे अजिबात आवडले नाही. शरीराने दिलेल्या शिक्षेच्या भीतीने जो खात नाही तो खाण्याशी कधीच सलोखा करू शकत नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि तिची स्लीव्ह असल्यामुळे तिला तसला त्रास जवळजवळ होतच नव्हता. एकाच खोलीतल्या दोघांची पोटे निराळी, म्हणून त्यांचे सल्लेही निराळे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही, आणि त्याची किंमत जवळजवळ दुसऱ्याच कुणीतरी मोजली असती.

२०२३ च्या हिवाळ्यात एक नवे गृहस्थ आले. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते आणि नऊ दिवसांपासून त्यांना खाल्लेले टिकत नव्हते; पाण्याचेही घोट उलटून पडत होते. ते हे संकोचाने, जणू स्वतःची चूक कबूल करावी तसे सांगत होते. मी त्यांना धीर द्यायला पुढे सरसावले. मलाही पाचव्या आठवड्यात दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, घाईने खाल्ले की होते, घास लहान घ्या, आपोआप बरे वाटेल, असे मी म्हणाले, आणि चार-पाच जणांनी माना डोलावल्या. बसचालक काका मात्र काठी टेकून उभे राहिले. ‘नाही, डक, हे चूक आहे,’ ते मला म्हणाले. (इकडचे लोक मायेने एकमेकांना ‘डक’, म्हणजे बदक, म्हणतात.) मला राग आला. घाबरलेल्या माणसाला आणखी कशाला घाबरवता, असे मी सर्वांदेखत त्यांना सुनावले.

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. त्या गृहस्थांपुढे जाऊन बसले आणि दोनच प्रश्न विचारले: पायाला मुंग्या येतात का, आणि चालताना तोल जातो का? पहिल्या प्रश्नाला ते हो म्हणाले. त्याच क्षणी काकांनी त्यांचा कोट आणून दिला, स्वतःच्या गाडीत बसवून तातडीच्या विभागात नेले आणि तिथल्या डॉक्टरांना ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी बी-१ द्या म्हणून सांगितले. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फार साठत नाही. खाणे टिकले नाही तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो, मग पाय बधिर होतात, दृष्टी दुहेरी होते, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. काकांच्या हातातली काठी त्यातूनच आलेली आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्या वेळीही कुणीतरी असेच सांगितले होते की सगळ्यांना होते. त्या गृहस्थांच्या पिशवीचा आतड्याशी जोडलेला भाग आकसला होता. तो दुर्बिणीतून फुग्याने रुंद केला आणि ते बरे झाले. आता ते आमच्या बैठकीत खुर्च्या मांडतात. मी काकांची क्षमा मागितली. त्यांनी ती सहज केली, मला मात्र तो प्रसंग अजून विसरता येत नाही, आणि विसरू नये असेच मला वाटते. तेव्हापासून उलट्यांचा विषय निघाला की कुणी आपली गोष्ट सांगत नाही. आधी रुग्णालयाचा क्रमांक लावला जातो.

त्याच काकांशी माझे दुसऱ्या एका बाबतीत पटत नाही. मासींचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी ११८ किलो होते, दीड वर्षात ७८ वर आले आणि नऊ वर्षांत पुन्हा ८९ वर गेले. गेल्या वर्षी त्यांनी मौंजारो या वजन कमी करणाऱ्या औषधाचे आठवड्याचे इंजेक्शन स्वतःच्या पैशाने सुरू केले आणि बैठकीत तसे सांगितले. काका म्हणाले, मग पोट कापून घेतले कशाला? शिस्त सुटली की सुईकडे धावायचे का? मासींचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरने वाढवली तेव्हा मला कुणी आळशी म्हटले नाही, मग आजच का म्हणता, असे त्यांनी विचारले. मी घरी येऊन शोधले. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली होती. मासींचे ८९ किलो म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्यांची शिस्त सुटली नव्हती. शरीराची वाटच तशी होती. पुढच्या बैठकीत मी हे आकडे वाचून दाखवले. काकांना ते पटले नाहीत, आजही पटत नाहीत. मात्र औषधाच्या दुकानाला बायपास झाल्याचे सांगितलेस का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मासींनी ते सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपीला फोन केला.

शस्त्रक्रिया झाल्याचे लोकांना सांगावे की लपवावे, यावरही आमच्यात फूट आहे. एक बाई गेली सहा वर्षे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले म्हणून सांगतात, आणि शरीर माझे, हिशेब मी कुणाला का द्यावा, असे विचारतात. त्यांचा हक्क मी मानते. मीही सांगलीत तेच केले होते. गावी गेले की बायका विचारत, एवढी कशी उतरलीस, साखर वाढली का? मी म्हणत असे, रोज चालते आणि रात्री जेवत नाही.

माझ्या आत्तेबहिणीने ते खरे मानले. दोन वर्षे ती पहाटे पाचला उठून कृष्णाकाठी चालत होती, रात्री उपाशी झोपत होती, आणि वजन हलत नव्हते तेव्हा ताईला जमले ते मला का जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावत होती. गेल्या डिसेंबरात मी तिला खरे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताई, आधी सांगायला हवं होतंस गं.’

मासींना मी हे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात धरून बसल्या.

शस्त्रक्रिया कर किंवा करू नकोस, यातले मी बहिणीला काहीच सांगितलेले नाही. माझे काय झाले ते सगळे सांगितले, मोदकापासून त्या हिवाळ्यातल्या रात्रीपर्यंत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिला लिहून पाठवले आहेत: माझ्यासाठी बायपास की स्लीव्ह, आणि का, पाचव्या वर्षी माझे रक्त कोण तपासणार, रात्री उलट्या थांबल्या नाहीत तर कोणता क्रमांक लावायचा, आणि याआधी शस्त्रक्रिया झालेल्या, शक्यतो एकमेकांशी न पटणाऱ्या, दोघी-तिघींशी मला बोलता येईल का. येत्या गुरुवारी तिची भेट ठरली आहे. स्टीलची वाटी मी आजच टपालाने पाठवली.