माचादोच्या कवितेला चाल लावताना

नोकरीनिमित्त स्पेनमधल्या सेगोवियात राहायला आले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या रोंदात शिरले. रोंदा म्हणजे साधारण आपलं भजनी मंडळ. फक्त देव नाही, आणि तालीम संपल्यावर चहाऐवजी वाइन असते. गिटार, बांदुरिया म्हणजे छोटं तारांचं वाद्य, पांदेरेता म्हणजे झांजा लावलेली डफली, आणि चक्क पितळी खलबत्ता. शिवाय खाचाखाचांची बडीशेपेच्या दारूची रिकामी बाटली, तिच्यावर चमचा घासायचा. पहिल्या दिवशी मला चमचाच मिळाला होता.

गेल्या वर्षी ठरलं की २२ फेब्रुवारीला, अंतोनिओ माचादोच्या स्मृतिदिनी, त्याची एक कविता आपल्या पद्धतीनं गायची. माचादो मूळचा सेव्हिल्याचा, पण १९१९ ते १९३२ तो सेगोवियात फ्रेंच शिकवायचा आणि इथल्याच एका घरगुती खानावळीत भाड्याच्या खोलीत राहायचा. ते घर आता संग्रहालय झालंय. १९३९ला यादवी युद्धात हरलेल्या बाजूच्या लोंढ्याबरोबर सीमा ओलांडून तो फ्रान्समधल्या कोलिऊरला पोचला आणि काही आठवड्यांत तिथेच गेला.

चाल लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सांगलीला लहानपणी पेटी शिकले होते हे मी बोलून बसले होते. खरं तर मला आधी राफाएल आल्बेर्ती हा दुसरा कवी हवा होता. पण तो १९९९ला गेला, त्याच्या कवितांवर अजून हक्क आहेत, परवानगीची पत्रं कोण लिहीत बसणार? जुन्या कवींना स्पेनमध्ये मृत्यूनंतर ऐंशी वर्षांचा नियम लागतो, त्यामुळे माचादो १ जानेवारी २०२० पासून मोकळा झालाय.

माचादोची अडचण वेगळीच. १९६९ साली गायक जुआन मानुएल सेर्रातनं त्याच्या कवितांची आख्खी तबकडी काढली. तेव्हापासून इथे माचादो म्हटलं की लोकांच्या कानात सेर्रातच वाजतो. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं घोळवून म्हटलं जाणारं ध्रुवपद तर सेर्रातनं स्वतः लिहिलंय, पण निम्मे लोक ते माचादोच्या नावावर खपवतात.

मी निवडलेली कविता १९०७च्या संग्रहातली. संध्याकाळच्या वाटांची स्वप्नं बघत एक वाटसरू चाललाय, टेकड्या सोनेरी झाल्यात, आणि चालता चालता तो गातोय. काय गातोय तेही कवितेत आहे, चार ओळींची एक कोप्ला: काळजात माझ्या होता, एका वेडाचा काटा, एके दिवशी उपटून टाकला, आता काळीजच जाणवत नाही. माचादोच्या वडिलांनी १८८१ साली फ्लामेंकोतली, म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाण्यातली, लोकगीतं गोळा करून छापली होती. घरात असलं धन असलेल्या मुलाला कवितेत लोकगीत पेरायला किती वेळ लागणार!

सगळ्या ओळी आठ अक्षरांच्या आहेत असं कळल्यावर मला हर्षच झाला. म्हणजे अष्टाक्षरी! लहान अभंगाच्या मापात बसेल या खुशीत मी कोप्लाची तिसरी ओळ बोटांवर मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा दहा.

पांदेरेता वाजवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. इथे त्यांनाही नावानं हाक मारून ‘तू’ म्हणायची पद्धत. माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी ‘आबुएला’, आजी, म्हणते आणि त्या दर वेळी चिडतात. त्यांनी माझी बोटं खाली केली, ओळ म्हणत डफलीवर थापा दिल्या. लो, ग्रेआ, र्रान, कार, मे, लाउन, दी, आ. आठ! एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला की दोन्ही मिळून एकच अक्षर. उलट ‘कोरासोन’सारखा शेवटी जोर असलेला शब्द ओळीच्या टोकाला आला तर अक्षरं सातच असतात, आठवं मोजायचं पण म्हणायचं नाही. आपण नाही का ओळीचं शेवटचं अक्षर ओढून मात्रा भरून काढत, तसंच ते.

मग चालीकडे वळले. स्पेन म्हणजे भैरवी, हे डोक्यात पक्कं. फ्लामेंकोचा तो उतरता आलाप आणि भैरवीचे कोमल सूर यांचं नातं पेटीवर लगेच सापडतं. महिनाभर राबून मी आख्ख्या कवितेला भैरवीत चाल बांधली. गाऊन दाखवली. आबुएला म्हणाल्या, “इखा, हे छान आहे. पण हे कोण गाणार?” इखा म्हणजे पोरी. त्यांचा रोख सुरांवर नव्हता, कास्तियातल्या, म्हणजे सेगोवियाच्या मुलखातल्या, जुन्या गाण्यांतही ते सूर भरपूर आहेत. माझ्या मुरक्या एकट्या माझ्याच गळ्यात बसत होत्या.

शिवाय कविता चालीला दादच देईना. पहिली ओळ ‘वाटा’वर संपते आणि ‘संध्याकाळच्या’ हा शब्द दुसऱ्या ओळीत पडतो. त्याच्यापुढे पूर्णविराम, तोही ओळीच्या मधोमध. लोकगीताची चाल ओळीच्या टोकाला विसावते. इथे ती विसावली की वाटा कुठल्या ते लोंबकळत राहायचं, आणि मग ‘संध्याकाळच्या’ला उगाच नवी उठावण. मी ओळी जोडून पाहिल्या, ताल बदलून पाहिला. शेवटी कंटाळून तो भाग बांदुरियावाल्या काकांना नुसता म्हणायला दिला, मागे काही वाजवायचं नाही.

गायला राहिली ती आतली कोप्ला. ती आबुएलांनी सरळ खोताच्या साच्यात टाकली. खोता हा तीन मात्रांचा नाच आणि त्याचं गाणं. त्याची गंमत अशी की कोप्लाच्या ओळी चार, पण गायच्या सात, आणि क्रमही सरळ नाही. आधी दुसरी, मग पहिली, पुन्हा दुसरी, मग तिसरी, चौथी, चौथी परत, आणि शेवटी पहिली. मला हे कवितेची मोडतोड करणं वाटलं. माचादोनं मोजूनमापून लिहिलेल्या ओळी अशा पिसायच्या? मी कागदावर क्रमानं लिहून काढल्या, आबुएलांना दाखवून द्यायला.

एका वेडाचा काटा, काळजात माझ्या होता, एका वेडाचा काटा, एके दिवशी उपटून टाकला, आता काळीजच जाणवत नाही, आता काळीजच जाणवत नाही, काळजात माझ्या होता.

कागद तसाच घडी करून खिशात ठेवला. शेवटची ओळ स्पॅनिशमध्ये तर अर्धीच राहते, ‘काळजात होतं’, काय होतं ते सांगतच नाही. काळीज जाणवत नाही असं दोनदा म्हणून झाल्यावर माणूस पुन्हा तिथेच.

चाल मग तासाभरात झाली. दोनच कॉर्ड, रे मेजर आणि ला सेव्हन, प्रत्येक ओळीला चार आवर्तनं. घोळ झाला तो ‘रे’चा. इथे रे म्हणजे कायमचा एकच ठरलेला सूर. मला कुणी “रे पासून उचल” म्हटलं की मी माझा सा धरून त्याचा रिषभ लावायची, आणि बांदुरियावाले काका भुवया वर करायचे. आता मी माझा सा त्यांच्या रेवरच ठेवलाय.

कार्यक्रमात तीसचाळीस माणसं असतील. काकांनी सुरुवात म्हटली, मग खलबत्ता, मग आम्ही. ही चाल कुणीच ऐकलेली नव्हती. तरी चौथी ओळ एकदा झाली आणि दुसऱ्यांदा यायच्या आत मागच्या रांगेतल्या बायका ती गायला लागल्या. खोता त्यांच्या अंगातच, कुठली ओळ परत येणार आणि शेवटी कुठली पडणार हे त्यांना ठाऊक. शेवटची ‘काळजात माझ्या होता’ आमच्यापेक्षा त्यांच्याकडूनच मोठ्यानं आली.

यानंतर कवितेत शेत क्षणभर गप्प होतं आणि नदीकाठच्या झाडांत वारा वाजतो. तिथे आम्ही सगळी वाद्यं थांबवतो. मग गाणं पुन्हा विव्हळतं, सोनेरी काट्याला म्हणतं की तू परत रुतायला हवास. पण या ओळी तीनच आहेत आणि खोताला चार लागतात. आबुएलांचं म्हणणं, आधीची ‘माझं गाणं पुन्हा विव्हळतं’ ही ओळ पकडून चार कर. आठ अक्षरं भरतात, सातांच्या क्रमातही चपखल बसते. माझं म्हणणं, ती ओळ कवीची आहे, वाटसरूच्या तोंडी कशी घालायची? कार्यक्रमात मी तीनच ओळी गायले, साथीशिवाय. गेल्या मंगळवारच्या तालमीत मी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात त्यांनी चौथी ओळ गाऊन टाकली आणि खलबत्तावाल्यानं ठेका धरला.