फॉर्मवर बाळंतीण नव्हती

स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. स्कॅनसाठी आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं: स्त्री, 24 वर्षं, डोकेदुखी. रविवारची संध्याकाळ, बाहेर अपघाताचे दोन पेशंट थांबलेले. तिचा प्लेन सीटी झाला, म्हणजे शिरेत औषध न सोडता केलेला. रक्तस्राव नाही, गाठ नाही, सूज नाही. मात्र सॅजिटल सायनसवर नजर अडकली. हा सायनस सर्दीचा नव्हे. मेंदूतलं रक्त परत हृदयाकडे नेणारी कवटीखालची मोठी वाट. ती किंचित पांढरट वाटली. कर्सर ठेवून मोजलं: 68 हाउन्सफील्ड युनिट. सीटीवर एखादी जागा किती पांढरी, याचं हे माप. सत्तरीच्या पुढे गेलं तर गुठळीचा संशय घ्यायचा, असं आम्ही धरून चालतो. मी ‘नॉर्मल’ लिहिलं.

मंगळवारी ती स्ट्रेचरवरून आली. उजव्या हातापासून सुरू होऊन झटका आला होता. आता डाव्या बाजूला मेंदूत रक्त दिसत होतं, आणि एमआर व्हेनोग्राफीत, म्हणजे शिरांतलं वाहतं रक्त दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, सॅजिटल सायनसची ठळक रेघ हवी तिथे काळोख. वाट गुठळीनं तुंबली होती.

बाहेर तिची आई होती, मांडीवर अकरा दिवसांचं बाळ. ती बाळंतीण आहे हे मला तेव्हा कळलं. सिझर झालेलं, भूल कंबरेतून दिलेली. डोकं दुखतं म्हटल्यावर जो तो ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून मोकळा झाला. त्या इंजेक्शनची डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवं झालं की उतरते. मी आईला विचारलं.

“आडवं पडवतच नव्हतं हो तिला. चार रात्री भिंतीला टेकून काढल्या.”

म्हणजे नेमकं उलट. हे विचारायला मशीन लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. बाळंतपणानंतरचे आठवडे रक्त गोठण्याच्या धोक्याचेच असतात. त्यात बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची आपली रीत. डोकेदुखीच्या फॉर्मवर बाळंतपण न लिहिणं हा निष्काळजीपणा आहे, आणि तो मी रोज पाहतो. पण फोन उचलून मीही विचारलं नव्हतं.

मग केसपेपर चाळला. हिमोग्लोबिन 7.8. हिमोग्लोबिन जितकं कमी तितका सीटीवरचा रक्ताचा आकडा खाली हवा. तिच्या रक्ताचा चाळीसच्या पुढे जायला नको होता. धडधाकट माणसात 68 खपून गेले असते. तिच्यात ते ओरडून सांगत होते.

हेपारिन सुरू झालं. मेंदूत रक्त असताना रक्त पातळ करायचं म्हटल्यावर नातेवाईक घाबरले, पण या आजारात तेच करावं लागतं, कारण वाट तुंबल्यामुळेच ते रक्त फुटून आलेलं असतं. सतराव्या दिवशी ती चालत घरी गेली. उजव्या हाताची पकड अजून पुरती आलेली नाही. ती बाळाला उचलते तेव्हा तिची आई खाली हात धरते.

जाताना आईनं विचारलं, “पहिल्या फोटोत नव्हतं का हो दिसत?”

मी म्हणालो, “स्पष्ट नव्हतं.” हे खोटं नाही. तरी तो स्कॅन मी त्यानंतर चार वेळा उघडलाय, आणि दर वेळी ती रेघ मला आधीपेक्षा जास्त पांढरी दिसते.