ईश्वराचं अनुमान आणि माझा एम. ए.चा पेपर

बँकेतली नोकरी सांभाळून एम. ए. करायचं ठरवलं, विषय तत्त्वज्ञान घेतला आणि त्यात धर्माच्या तत्त्वज्ञानाचा पेपर निवडला. झालं, बाई अध्यात्माला लागली असा सगळ्यांचा समज! कोणी ज्ञानेश्वरी आणून दिली, कोणी विपश्यनेच्या शिबिराची माहिती पाठवली. सासूबाई मात्र थेट मुद्द्यावर. दर रविवारी वर्गाहून आले की विचारायच्या, "काय गं, आहे का देव? काय ठरलं?"

ठरत काहीच नव्हतं. मिळालेल्या नोट्समध्ये अँसेल्म, अ‍ॅक्वायनस, पेली, ह्यूम, कांट अशी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची रांग, प्रत्येकाखाली चार ओळी युक्तिवाद आणि चार ओळी आक्षेप. पाठ व्हायचं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. वर पेली आधी आणि ह्यूम नंतर छापलेला, म्हणजे पेलीच्या घड्याळाला ह्यूमने उत्तर दिलं असं वाटावं. खरं तर ह्यूमचे धर्मावरचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये छापून आले आणि पेलीने माळावर सापडलेल्या घड्याळावरून घड्याळजी, आणि तसाच जगावरून ईश्वर, सिद्ध केला तो 1802 मध्ये.

गाडी रुळावर आली ती आमच्या एका निवृत्त सरांमुळे. ते म्हणाले, "वाचणं पुरे. प्रत्येक युक्तिवाद पंचावयवात मांडून आणा." म्हणजे पाच पायऱ्यांत: प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचं), हेतू (कारण), उदाहरण (नियम आणि त्याचा दाखला), उपनय (तो नियम इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). न्यायदर्शनातली, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेतली, ही मांडणी मला माहीत होती, पण 'डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे' याच्या पुढे तिचा उपयोग कधी केला नव्हता.

सुरुवात उदयनाचार्यांपासून केली. मिथिलेचे हे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, दहाव्या-अकराव्या शतकातले. त्यांची 'न्यायकुसुमांजली' ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेली. त्यातलं मुख्य अनुमान वहीत असं उतरलं: पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसा घटाला, पृथ्वीही तशीच कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता आहे.

हे लिहून काढलं की भांडण नेमकं कुठे आहे ते दिसतं. प्रतिपक्षी म्हणतो, घट घडवणारा कुंभार देहधारी असतो, तुमच्या ईश्वराचा देह कुठाय? एवढ्यावर न थांबता तो उलट अनुमानच टाकतो: पृथ्वीला कर्ता नाही, कारण ती कुठल्या शरीराकडून निर्माण झालेली नाही, जसं आकाश. यावर नैयायिकाचं उत्तर वाचताना मी बसमध्ये मोठ्याने हसले. तो म्हणतो, आकाशाला कर्ता नाही, कारण ते मुळात निर्माणच झालेलं नाही. 'शरीराकडून' हा शब्द तुम्ही हेतूत फुकटचा घुसवलाय! वकिली कावा म्हणा हवं तर, पण बिनचूक.

त्यानंतर ह्यूम वाचला तेव्हा तो ओळखीचा वाटला. त्याच्या संवादांतला फायलो हा शंकेखोरही उदाहरणावरच बोट ठेवतो. घरं बांधताना आपण पाहिली आहेत, म्हणून घर दिसलं की बांधणारा आठवतो. विश्व बनताना कोणी पाहिलंय? आणि घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग विश्वाला एकच देव कशावरून?

अँसेल्मने मात्र दमवलं. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. तो नुसता मनात असेल तर प्रत्यक्षात असलेला त्याहून थोर ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. उदाहरणाची जागा रिकामीच राहते, कारण असं दुसरं काही नाहीच. त्याच्याच काळातल्या गौनिलो या साधूने सर्वोत्तम बेटाचा दाखला देऊन (मग तेही असलंच पाहिजे की!) याची टर उडवली ती त्याच रिकाम्या जागेत, असं माझं मत. सर म्हणाले, केवलव्यतिरेकी, म्हणजे फक्त नकारी उदाहरणावर उभं राहणारं, अनुमान करून बघा. बघितलं, जमलं असं अजून वाटत नाही.

खरा जीव अडकला तो दुःखाच्या प्रश्नात. मॅकी या आधुनिक तत्त्वज्ञाने 1955 च्या लेखात तिढा सरळ मांडलाय: ईश्वर सर्वशक्तिमान, ईश्वर पूर्ण चांगला आणि तरी जगात दुःख, हे तिन्ही एकत्र नांदत नाहीत. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत हाच आक्षेप 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य', म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, या नावांनी येतो. शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा. पाऊस सगळीकडे तोच, भात उगवतो की जव ते बीजावर. बीज म्हणजे प्राण्यांची कर्मं. मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढचं सूत्र सांगतं की संसार अनादि आहे. तर्काला हे चालतं. पण मॅकीच्या चौकटीत घातलं तर ईश्वर कर्माला बांधला गेला, म्हणजे सर्वशक्तिमान या शब्दाला कात्री लागलीच की! शेजारच्या घरी जन्मापासून अंथरुणाला खिळलेलं लेकरू आहे; त्याच्या आईसमोर हे उत्तर उच्चारायची माझी छाती नाही.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. प्रश्न सरळ होते, मार्क बरे पडले. स्वतःहून वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन की मराठी विश्वकोशातल्या नोंदी नेटवर फुकट आहेत, दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश चांगल्या ग्रंथालयात मिळतो, आणि इंग्रजी चालत असेल तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान कोश आहेच. वही मात्र जवळ ठेवा.

सध्या जैन आचार्यांचे आक्षेप वाचतेय. ईश्वर कृतकृत्य, म्हणजे काही करायचं न उरलेला, असेल तर त्याला जग निर्माण करायची इच्छा का व्हावी, आणि इच्छा झाली तर तो कृतकृत्य कसा? सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग ते देरासरात कोणाला नमस्कार करतात?"

"तीर्थंकरांना. ज्यांनी स्वतःच्या बळावर सगळं जिंकलं त्यांना. काही मागायला नाही, त्यांच्यासारखं व्हायला."

"काही न मागता?" त्या म्हणाल्या. "अवघड आहे गं."

पुढच्या रविवारी हाच प्रश्न सरांना विचारणार आहे.