तुम्ही विचारलंत म्हणून: वीज महागली तर जुन्या वस्तूंना काय भाव?

आमच्या भागात कुणाच्या घरची जुनी पेटी उघडली की मला बोलावणं येतं. राणीछाप रुपये, भोकाचे पैसे, पोस्टाची तिकिटं, तांब्या-पितळेची भांडी मी तरुणपणापासून जमवतो, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तू पाहून झाल्या की प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, पुढं याले भाव येईन का?" अलीकडे त्याला आणखी एक प्रश्न जोडला जातो. लाईनचा भरवसा नाही, डिझेल परवडत नाही, उद्या कोळसाही संपला तर? तसे दिवस आले तर या वस्तू सोन्यासारख्या चढतील ना?

माझं उत्तर सरळ आहे. बहुतेक चढणार नाहीत, उतरतील.

छंदाच्या वस्तूला भाव देतो तो माणूस, ज्याच्याकडे पोटापाण्याचं भागून पैसा उरतो. तो पुण्या-मुंबईत बसून मोबाईलवर फोटो पाहतो, बोली लावतो, पैसे पाठवतो आणि पार्सल त्याच्या दारी पोचतं. यातली एकही पायरी वीज आणि इंधनाशिवाय चालत नाही. दोन्ही महागली की आधी उरलेला पैसा आटतो आणि त्यापाठोपाठ गिऱ्हाईक. तुटवडा नसतानाही भाव घसरतो, हेही विसरू नका. ब्रिटिश गियानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच आहे. २०१४ साली ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ साली ८३ लाखांना.

अडचणीत भावाचं काय होतं, ते इथं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. त्या हिवाळ्यात तालुक्याच्या भांडेवाल्याकडे मी बसलो होतो. एक नवरा-बायको पितळेचा गुंड (पाण्याचा घडा) आणि कोपर (मोठी परात) घेऊन आले. गुंडाच्या गळ्याजवळ आजीचं नाव छिन्नीनं टिंब-टिंब करून कोरलेलं, हात फिरवला तर बोटाला लागायचं. घडण इतकी देखणी की शहरातल्या हौशी माणसानं मागाल ते दिले असते. दुकानदारानं गुंड काट्यावर ठेवला, घट कापली आणि मोडीच्या भावानं पैसे हातावर ठेवले. त्याचं काही चुकलं नाही. ज्याला आजच विकायचं असतं, त्याला वजनाचेच पैसे मिळतात.

टंचाईत धातू आधी बोलतो. सरकारनंही तेच केलं. १९३९पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनापैकी जवळजवळ ९२ टक्के चांदी होती. महायुद्ध पेटलं आणि १९४०पासून ती निम्म्यावर आली. १९४३ला तांबं वाचवायला पैशाला मधोमध भोक पडलं. १९४७चा रुपया तर निव्वळ निकेलचा. म्हणून १९३९पर्यंतच्या रुपयाबद्दल मी निर्धास्त असतो. छंदाचा भाव गेला तरी चांदीचा राहतोच.

पोरं तीन पैशांचं षटकोनी नाणं आणतात तेव्हा मात्र मी थोडा जास्त वेळ बोलतो. १९६४ सालापासूनचं हे ॲल्युमिनियमचं नाणं, वजन सव्वा ग्रॅम. म्हणजे आठशे नाणी मिळून एक किलो. खनिजातून एक किलो ॲल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज लागते. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या जोरावर हा धातू वेगळा करायची रीत शोधली. त्याआधी तो इतका दुर्मिळ होता की १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर मानानं ॲल्युमिनियमचा शेंडा बसवला. वीज स्वस्त झाली आणि तोच धातू घराघरात जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, होऊन चुलीवर चढला. मग वीज महागली की हे नाणं चांदीच्या मोलाला जाईल का? नाही. आधीच काढलेलं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. नाणं जपून ठेवा, त्यात एका काळाची गोष्ट आहे. पण त्यावर पोरीचं लग्न मोजू नका.

नुसत्या संगणकावरची चित्रं २०२१च्या मार्चमध्ये लिलावात गेली, एकाला ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले. जी वस्तू बघायलाच वीज लागते, तिच्याबद्दल मला बोलायचं नाही.

आता राहिला पाणी तापवायचा बंब. माझ्या मते, तुटवड्याच्या दिवसांत जुन्यातलं काही खरोखर चढेल तर ते असं. तांब्याचं पोट, मधून वर गेलेली नळी, खाली जाळी, बाजूला पितळेची तोटी. नळीत पऱ्हाटीच्या काड्या नाहीतर तुराट्या टाकल्या की सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी होतं, आणि त्या काड्या दरसाल शेतातच निघतात. गीझर आले तेव्हा कितीतरी घरांनी बंब मोडीत काढले. आता हॉटेलवाले ते शोभेला शोधत फिरतात. मी विकत घेताना आधी पाणी भरून बघतो. कोरडा पेटवला गेला असेल तर सांध्याचं डाख वितळलेलं असतं आणि बुडाशी पाणी झिरपतं. डाख देणारा कारागीर मिळाला तर ठीक, नाहीतर तो बंब म्हणजे नुसतं तांबं.

कंदिलाचं तसं नाही. प्रभाकर कंदील मला फार प्रिय आहे, पण रेशनवरचं रॉकेल गेलं आणि तो खुंटीवर टांगायचाच राहिला. चावीच्या एचएमटी घड्याळाला सेल लागत नाही. कंपनीचं घड्याळाचं काम २०१६ला बंद करायचं ठरल्यावर लोक ती शोधू लागले. पण ते उघडून साफ करणारा म्हातारा कारागीर तालुक्यात किती दिवस आहे, यावर त्याचं पुढचं आयुष्य.

आणि तिकिटं, जुने फोटो, कॅसेटी? त्यांची मला खरी काळजी वाटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, मग पावसाळ्याची ओल येते, उधई, म्हणजे वाळवी, तर बारमाही. मोठी संग्रहालयं असे कागद थंड, कोरड्या खोलीत ठेवतात आणि ती खोली विजेवर चालते. वीज परवडेनाशी झाली की कागद सगळ्यात आधी जाईल. म्हणून विकायचाच विचार असेल तर तिकिटं आत्ता विका, बंब ठेवा. नाणी पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत असतील तर आजच काढा, नाहीतर ती हिरवी पडतात. चिंच-लिंबू लावून घासू मात्र नका. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा: कुणाची, कोणत्या गावची, घरात कधी आली. शाईचा पेन नको, पाण्यानं पसरतो. शिसपेन्सिलीनं लिहा.