चर्चच्या दाराशी आठ वर्षं: डेडमच्या फेअरबँक्स घरी

डेडमचं जुनं फेअरबँक्स घर बघायला पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये, आणि दाराला कुलूप. चूक सर्वस्वी माझी. लेकीने दोनदा विचारलं होतं, "आई, उघडं असतं ना गं आत्ता?" मी म्हटलं, म्युझियम आहे, उघडं नसायला काय झालं? तर हे घर मे ते ऑक्टोबर एवढंच उघडतं. का, ते आत गेल्यावर कळलं. मूळ घरात वीज नाही, नळ नाही, हीटर नाही. बॉस्टनच्या थंडीत तिथे कोण उभं राहणार? तेव्हा निघण्याआधी वार आणि वेळ वेबसाइटवर बघूनच घ्या. आम्ही त्या दिवशी कुंपणाबाहेरून घर बघितलं, जावयांनी फोटो काढले आणि परत फिरलो. जूनमध्ये पुन्हा गेलो. हा वृत्तांत त्या दुसऱ्या फेरीचा.

डेडम हे गाव बॉस्टनच्या नैर्ऋत्येला सोळाएक किलोमीटरवर आहे. गाडी असेल तर प्रश्नच नाही. आम्ही मुद्दाम लोकलने गेलो, कारण मला बघायचं होतं की माझ्यासारखी, गाडी न चालवणारी बाई इथे एकटी येऊ शकते का. येऊ शकते. साउथ स्टेशन किंवा बॅक बे वरून फ्रँकलिन/फॉक्सबरो लाइनची गाडी धरायची आणि एंडिकॉट स्टेशनला उतरायचं. तिथून ईस्ट स्ट्रीटने चालत जाता येतं. माझ्या गुडघ्यांनी वीस-पंचवीस मिनिटं घेतली. शनिवार-रविवारी गाड्या फार विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि मग घर बघायला जा. उलट केलंत तर स्टेशनच्या बाकावर बसून शेंगदाणे खात बसाल, आमच्यासारखे. दुसरा रस्ता म्हणजे ऑरेंज लाइनने फॉरेस्ट हिल्सपर्यंत आणि पुढे ३४ई ची बस.

घर रस्त्यालगतच आहे. पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते छप्पर. मधोमध असं खाली बसलंय की म्हाताऱ्या बैलाची पाठच. भिंतींवर रंग नाही, फळ्या उन्हापावसाने राखाडी झालेल्या. मधून विटांचं जाडजूड धुराडं वर आलेलं. दोन्ही बाजूंना नंतर जोडलेले भाग आणि मागे उतरत गेलेली पडवी. सांगलीला आमच्या आजोळच्या वाड्याचं आढं असंच वाकलं होतं, पण तो वाडा माझ्या डोळ्यांदेखत पडला. हे घर उभं आहे. त्याच्या तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून वय काढलंय: १६३७ ते १६४१. उत्तर अमेरिकेत आजही उभं असलेलं लाकडी सांगाड्याचं सर्वांत जुनं घर म्हणून ते ओळखलं जातं. आपल्याकडे त्या सुमारास शिवाजीमहाराज लहान होते आणि शहाजीराजांनी आदिलशाहीची चाकरी धरली होती. मी हा हिशेब मनात केला आणि जावयांना सांगितला. त्यांनी नम्रपणे मान डोलावली.

घर बांधणाऱ्याचं नाव जोनाथन फेअरबँक्स. मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा, हॅलिफॅक्सच्या बाजूचा, जिथे घरोघरी लोकरीचा धंदा. बायको ग्रेस, लग्न १६१७ चं. म्हणजे बोटीत चढला तेव्हा हा काही विशीतला पोरगा नव्हता. संसार जुना झालेला, पदरी सहा मुलं: जॉन, जॉर्ज, मेरी, सुझन, जोनास आणि धाकटा जोनाथन. घराण्यात चालत आलेल्या माहितीप्रमाणे ही मंडळी १६३३ मध्ये बॉस्टनला उतरली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम लॉड आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य धर्मगुरू झाला आणि प्युरिटनांना, म्हणजे चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या या लोकांना, तिथे जगणं कठीण होऊ लागलं. १६३० ते १६४० या दहा वर्षांत वीसएक हजार माणसं अशी समुद्र ओलांडून न्यू इंग्लंडला आली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मीही आधी गोंधळ केला होता. मेफ्लॉवर बोटीने येऊन प्लिमथला वसलेले पिलग्रिम वेगळे आणि हे प्युरिटन वेगळे. पिलग्रिमांनी इंग्लंडच्या चर्चशी काडीमोड घेतला होता. प्युरिटनांना त्याच चर्चमध्ये राहून ते साफ करायचं होतं. प्लिमथ बघून आलेल्यांनी "ते सगळं बघितलंय" म्हणून डेडम वगळू नये.

डेडम १६३६ मध्ये वसलं. जमीन अर्थातच रिकामी पडलेली नव्हती. मॅसॅच्युसेट या मूळनिवासी लोकांचा हा मुलूख, पण आधी आलेल्या साथीने आणि मग १६३३ च्या देवीच्या रोगाने त्यांची गावंच्या गावं ओस पडली होती. नव्या वसाहतवाल्यांना गावाचं नाव 'समाधान' अशा अर्थाचं ठेवायचं होतं, सरकारने डेडम ठेवलं. गावाने एक करारनामा केला, पाच कलमांचा. पहिल्या कलमात अखंड प्रेमाची भाषा, आणि दुसऱ्याच कलमात, आपल्याहून वेगळ्या मताच्या माणसाला गावात घ्यायचं नाही! तिसरं मला आवडलं: भांडण झालं तर गावातल्याच एक, दोन किंवा तीन जणांनी बसून मिटवायचं. म्हणजे पंचच की. या करारावर कालांतराने सव्वाशे सह्या झाल्या. जोनाथनला १६३७ मध्ये गावात घेतलं. जॉन ड्वाइट नावाच्या गावकऱ्याने त्याचं नाव सुचवलं होतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी दोनदा डेडमला गेले ती. १६३८ मध्ये गावात चर्चची रीतसर स्थापना झाली. सभासद व्हायचं तर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, देवाने माझ्या मनाला कसा हात घातला, मी कसा बदललो. जोनाथन उभा राहिला नाही. वर्षामागून वर्षं गेली, तरी नाही. चर्चच्या नोंदीत आहे की जाहीर कबुलीबद्दल आणि चर्चच्या करारनाम्याबद्दल त्याच्या मनात काही शंका होत्या, म्हणून तो बराच काळ लांब राहिला. हे नुसतं मनातलं प्रकरण नव्हतं. मॅसॅच्युसेट्सच्या १६३१ च्या नियमाप्रमाणे चर्चचा सभासद नसलेल्याला वसाहतीच्या निवडणुकीत मत नसे. धर्मासाठी देश सोडलेल्या लोकांच्या गावात हा माणूस शेती करत, घर बांधत, पोरं वाढवत देवळाच्या पायरीशी उभा. १६४६ च्या ऑगस्टमध्ये, गावातल्यांनी पुष्कळ प्रेमाने समजूत घातल्यावर, तो उभा राहिला, बोलला, आणि सगळ्या मंडळीने त्याला आनंदाने आत घेतलं. इतकीच नोंद. शंका नेमक्या काय होत्या ते कुणी लिहिलं नाही.

मी कडक सोवळ्याच्या घरात वाढले. माझे एक काका पूजेला बसत नसत आणि का बसत नाही ते सांगतही नसत. घरात चिडचीड व्हायची, पण ताट वाढलं जायचंच. जोनाथनची नोंद वाचली तेव्हा पहिल्यांदा तेच आठवले.

आता आत. घर मार्गदर्शकाबरोबरच बघायचं असतं, एकट्याने फिरू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. आमची फेरी तासाभराची झाली. दारं इतकी ठेंगणी की जावई दोनदा आपटले. खाली दोन खोल्या, मधे धुराडं. एकीत चूल, जेवण, कातणं, बसणं-उठणं सगळं. दुसरी जरा मानाची, तिथे मोठ्यांचं अंथरूण. वर पुन्हा दोन खोल्या. छताला हात पुरतो. ओकच्या तुळया काळ्याशार झालेल्या. एका लाकडात खाच, दुसऱ्याचं टोक त्यात बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. एका खुंटीचं डोकं भिंतीतून बोटभर बाहेर राहिलंय. त्यावर कुणी काय टांगलं असेल, हे मी उगाच बघत राहिले.

जोनाथन १६६८ मध्ये वारला तेव्हा घरातल्या वस्तूंची यादी झाली. त्यात लाकूड कातायची हत्यारं आहेत. तो चरखे बनवायचा असं घराण्यात सांगतात. यॉर्कशरच्या लोकरीतून आलेला माणूस, पटतं.

मार्गदर्शकाने टॉर्च तिरपा धरला आणि लाकडावर कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं दाखवली, कर्कटकाने काढल्यासारखी. वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून हे करत. घरात लपवून ठेवलेले जुने जोडेही सापडलेत, तेही त्याचसाठी. रविवारी चर्चमध्ये तीन-तीन तास बसणारी, नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड ठोकणारी ही माणसं, आणि भिंतीत जोडा! आपल्याकडे ट्रकच्या मागे काळी चप्पल लटकते तिची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. हे कोरीव काम नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाही, खिडक्या लहान आहेत. लख्ख उन्हाचा दिवस निवडा आणि दाखवायला विसरले तर आवर्जून विचारा.

जोड्यांवरून जोनाथनच्या मुलाची, जोनासची गोष्ट. १६५१ मध्ये वसाहतीने कायदा केला की दोनशे पौंडांची मालमत्ता नसलेल्याने सोन्याचांदीची किनार, मोठे बूट असला थाट करायचा नाही. पुढच्याच वर्षी जोनासला दंड झाला, ऐपतीबाहेरचे मोठे बूट घातले म्हणून. मला हा पोरगा लगेच आवडला. पण त्याचा शेवट वाईट झाला. तो लँकेस्टरला जाऊन राहिला. मेटॅकॉम या वाम्पानोआग नावाच्या मूळनिवासी लोकांच्या सरदाराने पुकारलेल्या युद्धात, १० फेब्रुवारी १६७६ रोजी त्या गावावर हल्ला झाला, त्यात जोनास आणि त्याचा मुलगा जोशुआ दोघेही मारले गेले. जॉर्जही दुसरीकडे गेला आणि पुढे बुडून वारला. थोरल्या जॉनकडे हे घर आलं, आणि त्याच्याकडून खाली, एकूण आठ पिढ्या. ग्रेस नवऱ्यामागे पाचेक वर्षं जगली. तिच्याबद्दल कागदावर फार थोडं आहे. सहा मुलं, समुद्रप्रवास, परक्या मुलखात चूल मांडणं आणि नवऱ्याच्या शंकेचे ते दिवस, हे सगळं तिनेही काढलं.

पुढच्या पिढ्यांमधला जेसन फेअरबँक्स मात्र बदनाम. १८०१ मध्ये एलिझाबेथ फेल्स या अठरा वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली, मधे तो तुरुंगातून पळूनही गेला होता. आमच्या गटातल्या सगळ्यांनी याच गोष्टीवर सर्वांत जास्त प्रश्न विचारले. माणसाची जात!

शेवटची रहिवासी रिबेका. लग्न न केलेली, घरात एकटीच. १८९२ मध्ये घरावर वीज पडली आणि पलंगाखाली बसलेला तिचा कुत्रा गेला. पैशांची ओढाताण होऊन तिला घर विकावं लागलं, तेव्हा बॉस्टनच्या कॉडमन मायलेकींनी ते घेऊन तिला तिथेच राहू दिलं. १९०४ मध्ये ती बाहेर पडली. तेव्हापासून घर फेअरबँक्स कुटुंबाच्या मंडळाकडे आहे. जगभर पसरलेल्या वंशजांनी वर्गणी काढून पूर्वजाचं घर सांभाळणं, हे आपल्याकडच्या कुलमंडळांना सांगण्यासारखं आहे. थिओडोर रूझवेल्टचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स फेअरबँक्स याच वंशातले, आणि अलास्कातलं फेअरबँक्स शहर त्यांच्याच नावाचं.

वेळ असेल तर गावातलं डेडम म्युझियमही करा, पण तेही कधी उघडं असतं ते आधी बघून. तिथे मेटकाफ घराण्याची १६५२ सालची ओकची खुर्ची आहे. अमेरिकेत बनलेल्या आणि साल कोरलेल्या खुर्च्यांमध्ये ती सर्वांत जुनी मानतात. जोनाथनची मेरी १६४४ मध्ये याच मेटकाफांच्या मायकेलला दिली होती. फेअरबँक्स घर आधी बघा आणि खुर्ची नंतर, म्हणजे तिच्याकडे बघताना सुनेचं माहेर ठाऊक असतं.

बाकी किरकोळ: पायात सपाट, घट्ट बूट हवेत, वरचा जिना उभा आहे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी खालच्या खोल्या निवांत बघाव्यात, खरा ऐवज खालीच आहे. उन्हाळ्यात आत उकडतं, पंखा नाही, पाण्याची बाटली बाहेर पिऊन घ्या. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, पण कशालाही हात लावायचा नाही हे आधीच बजावा. उंच माणसांनी दारातून जाताना वाकावं. जावयांच्या कपाळावरचं टेंगूळ सोमवारपर्यंत होतं.